मागं कोण हाय?

बालेवाडी, पुणे
४ डिसेंबर

आत्या,

इथूनच पाया पडतो. वाकायची सवय झालीच आहे, का ते पुढं कळेल.

बातमी चांगली आहे. आशियाई युवा व्हॉलीबॉल स्पर्धेसाठी भारताच्या मुलांचा संघ आज जाहीर झाला. बारा जणांत माझं नाव आहे. ते सगळ्यांत शेवटी वाचलं. सरांनी आमचे फोन कपाटात कुलूप लावून ठेवलेत. रविवारी अर्धा तास मिळतो, तो आईच्या 'जेवलास का' मध्ये संपतो. म्हणून तुम्हाला पत्र. तुमच्या एसटी आगाराचे ड्रायव्हर अमरसिंहमामा परंडा-पुणे गाडी घेऊन येतात आणि मुक्कामाला इथंच मेहुण्याकडं असतात, हे माझं नशीब.

आता खरं सांगतो. मी फटके मारणारा राहिलो नाही. आमचे महांतप्पा सर मूळचे उमरग्याकडचे. बाकीच्यांवर हिंदीत ओरडतात, माझ्यावर घरच्या मराठीत. म्हणाले, "शिवराज, तुझी उंची काय आता वाढत न्हाय बघ. पर जमिनीजवळ तुझ्यासारखं पोरगं मला घावलं न्हाय." आणि मला लिबेरो केलं. लिबेरो म्हणजे मागच्या रांगेत राहून समोरून आलेला फटका उचलणारा. त्यानं सर्व्हिस करायची नाही, उडी मारून फटका हाणायचा नाही, नेटवर हात घालायचा नाही. पुढच्या रांगेत जायची पाळी आली की मुकाट बाहेर, मागची पाळी आली की परत आत. सगळ्यांचे शर्ट निळे, माझा एकट्याचा पिवळा.

आबांना हे कसं सांगू? आपल्याकडच्या शूटिंग व्हॉलीबॉलमधले ते फटक्यासाठी नावाजलेले शूटर. त्यांच्या खेळात गडी जागा बदलत नाही, शूटर तो म्हातारा होईपर्यंत शूटर. मी निघालो तेव्हा काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले: "फटका माराया चाललास तर जा. चेंडू उचलायचं असंल तर हितं कोकरं हायती की उचलाया."

सर म्हणतात, स्पर्धा झाल्यावर दोन वर्षं त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात राहा, शिक्षणही तिथंच. मला जायचंय आत्या, लई जायचंय. पण घरचा होकार पाहिजे, आणि आई-दादा म्हणतात आबा म्हणतील तसं. फटका न मारणाऱ्या नातवाला आबा कशाला सोडतील?

लहानपणी मेंढरं घेऊन निघालो की आबा धाकट्या सुरजला पुढं चालवायचे आणि मला मागं ठेवायचे, कळपाची धूळ खायला. आता देशानंही मागंच उभं केलं. तुम्ही एवढं करा, स्पर्धा होईपर्यंत आबांना काही बोलू नका.

तुमचा
शिवराज


परंडा
७ डिसेंबर

शिवराज,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहिणार नाही.

तुझं पत्र अमरसिंहनं जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणलं. शेंगाचटणीचं तेल लागलंय, पण अक्षर तेलाशिवायही तसंच असतं तुझं. बारांत नाव आलं म्हणून मी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. लिबेरोचं मात्र पोटात ठेवलं.

खरं सांगू, त्यात रडण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मी कंडक्टर बाई. गाडी कोण चालवतं, तर ड्रायव्हर. लोक नाव घेतात त्याचं. पण माझी डबल बेल झाल्याशिवाय चाक हलत नाही. हे मी तुला सांगून तुझं समाधान होणार नाही हेही मला माहीत आहे, कारण तू आबांचा नातू आहेस. आपल्या घराण्यात डोकं आणि दगड एकाच खाणीतून काढतात.

आबांना मी काही बोलणार नाही. पण तू लवकर बोल, कारण इकडं प्रकरण वाढत चाललंय. दिग्विजय, तुझा वर्गमित्र आणि सध्या आपल्या वाडीचा बिनपगारी पुढारी, त्यानं परंड्याच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावलाय. त्यात एक गडी नेटच्या वर हवेत उडालाय, हात असा मागं घेतलेला की आता चेंडू फुटणार. धड कुणा परदेशी पोराचं आहे, तोंड तुझं, दहावीच्या ओळखपत्रावरचं. मान जोडली नसल्यामुळं तू उडी मारताना घाबरल्यासारखा दिसतोस. आबा रोज मेंढरं रानात लावतात, ती सुरजच्या स्वाधीन करतात आणि कुठल्याही जीपमध्ये बसून फ्लेक्स बघायला येतात. कुणी थांबलं की सांगतात, "ह्यो माझा नातू. हात माझ्यावर गेलाय." तो हात कुणावर गेलाय देव जाणे.

आणि आता बसून घे. वाडीनं एसटी ठरवली आहे. लग्नाला करारावर घेतात तशी अख्खी गाडी, सतरा तारखेच्या तुमच्या सामन्याला. आबा पुढच्या सीटवर. करारावरच्या गाडीला कंडक्टर लागत नाही, म्हणून मी रजा टाकली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाल गाडीत बसून प्रवास करणार आहे. खिडकीची जागा मी आत्ताच सांगून ठेवलीय.

तुझी
अयोध्याआत्या


बालेवाडी
१० डिसेंबर

आत्या,

कसंही करून गाडी रद्द करा. डिझेल नाही म्हणा, घाटात दरड कोसळली म्हणा. परंडा ते पुणे वाटेत दरड कोसळण्यासारखं काय आहे ते मला आत्ता आठवत नाही, तुम्ही काहीतरी शोधा.

मी सरांकडं गेलो होतो. म्हटलं, सर, एका सामन्यात, निदान एका सेटमध्ये मला फटका मारू द्या, गावाकडची माणसं येणार आहेत. सर म्हणाले, "गावाकडची माणसं येत्यात म्हणून मी कंडक्टरला ड्रायव्हर करू का?" त्यांना तुमच्याबद्दल काही माहीत नसताना असं बोलले. मी परत आलो.

मी ठरवलंय. सोळा तारखेच्या सरावात घोटा मुरगळला असं सांगायचं. दुसरा एक मुलगा मागं खेळू शकतो, तो बघून घेईल. मी निळं जॅकेट घालून बाकावर बसेन. निदान लोक म्हणतील, पोरगा फटके मारणारच होता, पाय दगा देऊन गेला. आबांची मान खाली जाणार नाही, आणि होकारही मिळेल. यात कुणाचं काय बिघडतं? तुम्हीच सांगा.

शिवराज


परंडा
१३ डिसेंबर

शिवराज,

तू विचारलंस म्हणून सांगते. घोटा मुरगळल्याचं सोंग केलंस तर मी गॅलरीतून खाली उतरून तो खरोखर मुरगळीन. देशाचा शर्ट अंगावर घालायला मिळतोय आणि हा पोरगा जॅकेटखाली लपवायला निघालाय. रंग पिवळा असेना का, छातीवर नाव भारताचंच आहे ना? पुन्हा हा विषय माझ्यापुढं काढू नकोस.

रागावून झालं. आता माझं ऐक, कारण मीही एक घोळ घातलाय.

मला वाटलं, आबांना एकदम धक्का बसायला नको, हळूहळू सांगावं. परवा वाडीला गेले होते. आबा कोकराला दूध पाजत बसले होते. मी म्हटलं, "आबा, शिवराजला म्हनं समद्यांपेक्षा येगळा शर्ट दिलाय." आबांनी मान वर केली. "येगळा? कसला?"

"पिवळा."

आबा कोकरू विसरले. "पिवळा? आपल्या भंडाऱ्याचा रंग?"

"व्हय."

"बाकीच्यांना?"

"निळा."

मग आबाच म्हणाले, "मंग कप्तानच केलाय की. येगळा शर्ट उगं कुणाला देत्यात व्हय."

मी तोंड उघडेपर्यंत ते उठून दिग्विजयकडं गेलेसुद्धा. संध्याकाळी फ्लेक्सवर तुझ्या नावाआधी 'कर्णधार' चिकटलं. काल बिरोबाला नारळ फुटला. सतराला प्रत्येकजण भंडाऱ्याची पुडी घेऊन येणार आहे, स्टेडियमच्या गेटवर ती काढून घेतील हे मी सांगून दमले. मूळ खोटं तुझं होतं, मी फक्त त्याला खतपाणी घातलं. दोघं मिळून चांगलं पीक आणलंय आपण.

गाडी रद्द होणार नाही. तू खेळ. आबांचं काय करायचं ते मी त्यांच्या शेजारी बसून बघते.

आत्या


बालेवाडी
१८ डिसेंबर

आत्या,

अमरसिंहमामा उद्या पहाटे निघणार, म्हणून घाईत लिहितोय.

मी सोंग केलं नाही. तुमचा धाक होता म्हणून नव्हे, सोळा तारखेला सरांनी तो पिवळा शर्ट घडी करून हातात दिला आणि मला खोटं बोलताच आलं नाही.

तुम्ही सगळे बसला होता ते मी आत येतानाच बघितलं. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये फेटे तुमचेच होते. आबा पहिल्या रांगेत, खांद्यावर घोंगडं, पाठ ताठ. पहिल्या सेटमध्ये मी किती वेळा आत गेलो आणि किती वेळा बाहेर आलो. दर वेळी बाहेर आलो की आबा तुमच्याकडं वळून काहीतरी विचारायचे. मला खालून ओठ दिसत होते. आपण तो सेट हरलो.

दुसऱ्या सेटला कोर्टाची बाजू बदलली, मी वर बघितलं, तर आबांची खुर्ची रिकामी. तुमचीही. आबा उठून गेले, आत्या. नातवाची ती पिवळी ये-जा त्यांना बघवली नाही.

त्यानंतर मी गॅलरीकडं मान वर केलीच नाही. एक झालं, ज्याची लाज वाटत होती तेच निघून गेल्यावर लाजही संपली. मग मी फक्त चेंडू बघितला. जाहिरातीच्या पाट्यांखाली घुसलो, कोपर सोललं, एक चेंडू तर पालथा पडून एका पंजावर उचलला. आपण कझाकस्तानला पाच सेटमध्ये हरवलं. पोरांनी मला उचलून नाचवलं. मग आम्हाला थेट बसमध्ये घातलं, तुम्हा कुणाला भेटूही दिलं नाही.

आबा गाडीत जाऊन बसले होते का? परतीच्या वाटेत काही बोलले का? नसतील बोलले तरी मला समजलंय. प्रशिक्षण केंद्राचं शनिवारी सांगायचंय. मी सरांना नाही म्हणणार आहे. स्पर्धा संपली की घरी येतो, मेंढरं सांभाळतो. आबांना पुन्हा कधी मान खाली घालायला लावणार नाही.

शिवराज


परंडा
१९ डिसेंबर

शिवराज,

हे पत्र अमरसिंहच्या हातात देताना बजावलंय की आज रात्रीच पोचलं पाहिजे. तू सरांकडं जाण्याआधी शेवटपर्यंत वाच. मूर्खा, असंही लिहिणार होते, पण आबा शेजारी बसलेत.

पहिल्या सेटमध्ये आबा मला काय विचारत होते ते ऐक. "ह्याला सारखं भाईर का काढत्यात? काय चुकलं त्याचं?" तिसऱ्यांदा विचारल्यावर माझा धीर सुटला. म्हटलं, "आबा, काय बी चुकलं न्हाय. त्यो मारनारा न्हाय, उचलनारा हाय. कप्तान बी न्हाय. म्या तुमाला आदीच सांगाया पायजे हुतं."

आबा कोर्टाकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता उठतील आणि गाडीत जाऊन बसतील. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्याबिगर मागं कोण हाय?"

"मागचं समदं त्याच्यावरच हाय, आबा."

तेवढ्यात सेट संपला, तुम्ही बाजू बदललीत आणि आबा उठले. मीही त्यांच्यामागं पळाले. ते दाराकडं गेलेच नाहीत. अख्ख्या गॅलरीला वळसा घालून कोर्टाच्या टोकाला गेले आणि बरोब्बर तुझ्या पाठीमागं जाऊन बसले. म्हणाले, "हितनं दिसतंय. मेंढरामागं उभं ऱ्हायलं की समदं दिसतंय."

तो सेट संपला, तुम्ही पुन्हा बाजू बदललीत. आबा पुन्हा उठले आणि दुसऱ्या टोकाला निघाले. वॉचमननं अडवलं, "बाबा, तुमचं तिकीट तिकडचं नाही." आबा म्हणाले, "माझं पोरगं पल्याड गेलंय, म्या हितं कुनाला बघू?" त्याला काय समजलं कोण जाणे, पण वाट दिली. चौथ्या सेटला त्यानंच आधी खुर्ची रिकामी करून ठेवली. पाचव्या सेटमध्ये मात्र मध्येच बाजू बदलतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आबा, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं वॉचमन, असे तिघं गॅलरीतून पळत होतो आणि लोक सामना सोडून आम्हाला बघत होते. तू पालथा पडून पंजावर चेंडू उचललास ना, तेव्हा आबा तुझ्यापासून दहा हातांवर होते. मान वर केली असतीस तर दिसले असते.

गाडीत सगळे झोपले, आबा जागे. मी घाबरत म्हटलं, "आबा, शिवराजला वाटतंय का तुमी त्याला मागं धूळ खाया ठिवत हुता." त्यांनी घोंगडं बाजूला सारलं. मग जे बोलले ते मी तुझ्यासाठी त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलंय आणि त्यांच्याच शब्दांत लिहिते. खाली अंगठा नाही, सही आहे. गेल्या वर्षी माझ्या पोरीनं, निकितानं शिकवली, तेव्हापासून दिसेल तिथं करतात.

"शिवराज, म्होरं कुनीबी चालतंय. सुरज वांड हुतं, म्हून त्याला डोळ्याम्होरं धरलं. मागं मातूर कुनालाबी ठिवत न्हाईत. वाटंत मेंढी याली तर कोकरू मागच्याच्या हातात, लंगडं मागच्याच्या खांद्यावर, मोटार आली तर मागच्यानंच आडवं व्हायाचं. मला माझ्या बापानं मागं ठिवलं तवा मिसरूड आलं हुतं. तुला म्या बाराव्या वर्षी ठिवलं. सांजच्याला तुझी आई लांबनंच वराडायची, मागं कोण हाय? शिवराज हाय म्हनलं का ती कोकरं बघाया येत नव्हती, चुलीकडं वळायची. मला वाटलं तुला ठावं हाय. ह्ये काय सांगायचं असतंय व्हय? तुझा फटका माझ्यावर गेला न्हाय त्ये बरं झालं. आमच्या टायमाला मागं तुझ्यावानी येक असता तर कळंबची फायनल आमी हरलो नसतो. दोन वरीस जा. पर आदी घरी येऊन जा, मेंढरं कातरायची हायती. हरिबा."

एवढंच. आणि हो, दिग्विजयनं जुना फ्लेक्स काढलाय. आबांनी स्वतः सांगून नवा करून घेतला. निकितानं मोबाइलवर काढलेला फोटो आहे, तू जमिनीवर पालथा, पिवळा शर्ट, तोंड दिसतच नाही. स्टँडवर उतरणारा प्रत्येकजण विचारतो, हा पोरगा पडलाय का? आबा कालपासून तिथंच बाकावर बसून आहेत. सगळ्यांना समजावून सांगतात. 'कर्णधार' मात्र त्यांनी काढू दिलं नाही. म्हणाले, असू दे, मागचा कप्तान.

तुझी
आत्या


बालेवाडी
२३ डिसेंबर

आत्या,

सरांना हो म्हटलं. ते म्हणाले, "रडतोस का?" मी म्हटलं, सर, कोपर दुखतंय. घोट्याचं राहिलेलं खोटं कोपरावर भागवलं.

आपण पाचवे आलो. चौथे आलो असतो तर फोटो मोठा छापून आला असता, पण मला हरकत नाही. शेवटच्या सामन्यात प्रत्येक सेटला बाजू बदलली की मी एकदा मागं वळून बघत होतो. तिथं कुणी नव्हतं, रिकाम्या खुर्च्या होत्या. तरी बघत होतो. तिसऱ्या वेळेस सर ओरडले, "मागं काय ठिवलंय रं तुझं?" मी नेटकडं तोंड केलं आणि चेंडू उचलला.

परवा अमरसिंहमामांच्याच गाडीनं येतो. आईला सांगा, पोटभर जेवणार आहे. आबांना सांगा, कात्र्यांना धार लावून ठेवा. आणि कातरणी झाल्यावर मेंढरं रानात न्यायची, तेव्हा घोंगडं टाकून मोकळ्या हातानं आबांनी पुढं चालायचं. कुणाकडं वळून बघायचं नाही, काही उचलायचं नाही.

मागं मी आहे.

शिवराज